वही पिशवीत गेली आणि बाई बोलल्या

'प्रिय बाई,
मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव मालवण तालुक्यात. विद्यार्थीकेंद्री अध्यापनाकडे शिक्षक कसे पाहतात, हा माझ्या प्रकल्पाचा विषय. त्यासाठी आठ शिक्षकांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत, पाच झाल्या. पाचही जणांनी जवळजवळ एकच सांगितलं. मूल केंद्रस्थानी असावं, शिक्षक सुलभक, म्हणजे शिकणं सोपं करणारा, असावा, शिक्षण आनंददायी असावं. पाचवे सर तर हसून म्हणाले, "तुका काय लिहूक व्हया ता सांग, मी तसा बोलतंय." एका शाळेत बाई सांगत होत्या की मी मुलांना मोकळं सोडते, आणि मला टेबलाखाली छडी दिसत होती. शेजारच्या वर्गात पाढे चालले होते. हे लिहू की नको? दुसरं म्हणजे, उरलेल्या तिघांत माझ्याच तिसरी-चौथीच्या बाई आहेत. वर्गात मालवणी बोलले की त्या सगळ्यांसमोर उभं करायच्या. त्यांच्यासमोर मला अजून धड बोलता येत नाही. त्यांना वगळू का?
– एक विद्यार्थिनी, जि. सिंधुदुर्ग'

प्रिय मुली,

अहोजाहो करायला मला जमणार नाही. तेहतीस वर्षं प्राथमिकला काढली की पंचविशीच्या आतलं सगळं जग चौथीतलंच वाटायला लागतं.

त्या पाच जणांवर चिडण्याआधी सहाव्या शिक्षिकेचं ऐक. ती मी.

बरीच वर्षं झाली. खाडीकाठच्या एका वाडीत माझी द्विशिक्षकी शाळा होती. कुठल्याशा संस्थेकडून एक तरुण मुलाखत घ्यायला आला. हातात छापील कागद, खिशाला तीन पेनं. पहिलाच प्रश्न, 'आपलं अध्यापनविषयक तत्त्वज्ञान काय?' मी पदर सारखा केला आणि महिन्यापूर्वीच्या प्रशिक्षणात ऐकलेलं सगळं म्हणून दाखवलं. कविता पाठ म्हणावी तसं. तो भराभर लिहीत होता. मधल्या सुट्टीतली वीस मिनिटं, काम आटोपलं. एस.टी.ला अजून पाऊण तास होता. त्याने वही पिशवीत घातली, मी चहा टाकला, आणि कप हातात घेऊन तो सहज म्हणाला, 'बाई, मघाशी दाराजवळ एकटाच बसलेला तो मुलगा, त्याला शिक्षा केलीय का?'

तिथून मी जी बोलत सुटले ती एस.टी.चा हॉर्न ऐकू येईपर्यंत.

तो मुलगा चौथीतला. बाप एकटा होडी घालायचा. होडी भरतीबरोबर खाडीत आत यायची, तेव्हा जाळं ओढायला आणि मासळी निवडायला हाताशी कुणी तरी लागायचं. म्हणजे मुलगा शाळेतून गायब. सुरुवातीला मी त्याला ओरडले, मग घरी निरोप धाडले, मग हजेरीत लाल शाईने त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडत राहिले. शेवटी एक दिवस त्यालाच विचारलं, 'तुला कळतं कसं रे कधी जायचं ते?' वर न बघताच म्हणाला, 'आज तीज मां, बाई. सव्वादोनाक भरती. पण आपल्या खाडीत जरा आदीच.'

किनाऱ्यावरच्या घराघरांतला हा हिशेब. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, तिजेला सव्वादोन, जागेगणिक थोडं पुढंमागं. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेच पाऊण तासात बसवलेलं. गंमत अशी, की त्याच आठवड्यात त्याच्या वहीत 'तीन चतुर्थांश गुणिले तीन' या गणितावर मी फुली मारली होती. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, त्या पोराच्या अंगात होती, फक्त माझ्या फळ्यावरची तिची आडवी रेघ त्याच्या ओळखीची नव्हती.

मग आमचा करार झाला. त्याने दाराजवळ बसायचं, वेळ झाली की कुणाला न उठवता जायचं, काम संपलं की परत यायचं आणि राहिलेलं शेजारच्या मुलाकडून समजून घ्यायचं. पुढच्या वर्षीपासून अपूर्णांक मी भिंतीवरचं कॅलेंडर काढूनच शिकवले, आधी तिथी आणि मग रेघ.

एस.टी. आली, तो तरुण गेला. वही पिशवीतच होती. आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं की दाराजवळची ती जागा म्हणजे मघाच्या माझ्या पाठांतरातलं 'मूल केंद्रस्थानी'.

आता तुझ्या पाच जणांकडे ये. ते शब्द त्यांनी घरून आणलेले नाहीत. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, शिक्षण शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडा म्हणाला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला. त्याच्या कलम २९ मध्ये मुलाने कृतीतून, शोध घेत शिकावं, बालकेंद्री पद्धतीने शिकावं, शिकताना त्याला भीती वाटू नये, असं सरळ लिहिलंय. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला आणि ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मूल आपलं ज्ञान आपणच रचतं या विचाराच्या, नावाने आम्ही वर्गांच्या फरशा रंगवल्या. (मीही रंगवली. गुडघे अजून बोलतात.) यातलं काहीही वाईट नव्हतं. पण प्रत्येक वेळी शब्द प्रशिक्षणातून आले आणि पुढे कुणी तपासायला आलं की तेच शब्द आम्ही परत केले. हातात कागद घेतलेलं अनोळखी माणूस शाळेच्या पायऱ्या चढलं की ते माहिती मागायला किंवा चूक काढायला आलंय, हे आमच्या हाडात बसलंय. तू बी.एड.ची विद्यार्थिनी आहेस हे तू सांगतेस, त्यांना ऐकू येते ती तपासणी. तत्त्वज्ञान विचारलंस की प्रशिक्षणच बाहेर येणार.

म्हणून तुझ्या प्रश्नावलीतून 'दृष्टिकोन', 'तत्त्वज्ञान', 'विद्यार्थीकेंद्री' हे तिन्ही शब्द काढून टाक. प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर राहू देत, तोंडात नकोत. त्याऐवजी एक दिवस, एक मूल, एक वही यांच्याबद्दल विचार. गेल्या पंधरवड्यातला कुठला तास ठरवल्यासारखा झालाच नाही? त्या दिवशी तुम्ही काय केलंत? वर्गातलं सगळ्यांत कमी बोलणारं मूल कोणतं, आणि ते कशावर बोलतं? शिमग्यात अर्धा वर्ग पालखीमागे असतो, आंब्याच्या दिवसांत मोठी पोरं बागेत, तेव्हा उरलेल्या सात जणांना घेऊन काय करता? जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा दर्यावर्दी घरातली मुलं वेगळी वागतात का?

या सगळ्यांहून मला आवडणारा प्रश्न मात्र एकच आहे, आणि तो खास आपल्या जिल्ह्याचा. पहिलीतलं पोर 'माका म्हायत आसा' म्हणून बरोबर उत्तर देतं. तुम्ही आधी भाषा सुधारता की उत्तर घेता? इथे शिक्षक अडखळतो. कुणी म्हणेल, शुद्ध बोललं नाही तर पुढे हायस्कुलात हसतील हो त्याला. कुणी म्हणेल, मी स्वतः पहिले सहा महिने मालवणीतच बोलते. कुणी म्हणेल, पालकांनाच नको असतं. मूल आपल्या भाषेसकट वर्गात यावं की भाषा पायरीवर काढून ठेवून यावं, याचं त्या माणसाचं खरं उत्तर तुला इथे मिळेल, आणि त्याने ते आधी पाठ केलेलं नसेल.

अशा प्रश्नानंतर गप्प बसता आलं पाहिजे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या सुमारास वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. मुलाखतीलाही हे लागू पडतं. तुझ्या पाच ध्वनिमुद्रणांपैकी एक घड्याळ लावून ऐक. तू किती थांबलीस ते कळेल. मी पैज लावते, दोन ठिकाणी समोरच्याचं वाक्य तूच पुरं केलेलं सापडेल.

जागा आणि वेळ. मुख्याध्यापकांच्या खोलीत मुलाखत घेऊ नकोस, तिथे भिंतीसुद्धा शुद्धलेखन तपासतात. शाळेच्या वेळात तर नकोच. पटावर साठपर्यंत मुलं असली की कायद्याने शिक्षक दोन, आणि आपल्याकडच्या कितीतरी वाड्यांवरच्या शाळा तशाच आहेत. त्यातले एक तुझ्यासमोर बसले की चार वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. ते तुला घाईत उत्तरं देणार, आणि त्यांचं बरोबरच आहे. शाळा सुटल्यावर, वर्गातच, मुलांच्या वह्या आजूबाजूला असताना बस. वही समोर असली की माणूस आठवून बोलत नाही, बघून बोलतो. फरक पडतो.

आता छडी. तुला जे दिसलं त्याला अभ्यासकांकडे नाव आहे. ख्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या दोघांनी १९७४ मध्येच मांडून ठेवलंय की माणसाचा सांगण्याचा सिद्धान्त एक असतो आणि वागण्याचा दुसरा, आणि दोन्हींतली फट बहुतेक वेळा त्याची त्यालाच दिसत नाही. खोटं बोलणं निराळं आणि हे निराळं. तेव्हा 'बाई म्हणतात एक, करतात दुसरंच' असं विजयाने लिहू नकोस. अजून तुला काहीच ठाऊक नाही. पाढे म्हणणं आणि मूल केंद्रस्थानी असणं यांत भांडण आहे हे तुला कुणी सांगितलं? पाढ्यांच्या तालावर डोलणारी मुलं मी पाहिलीत आणि पाढ्यांना घाबरून पोटात दुखणारीही. आणि छडीबद्दल सरळ विचार, 'बाई, ही कशाला?' माझ्या शेवटच्या शाळेत टेबलाखाली चांगली जाड काठी असायची. ती माकडांसाठी. खिचडीचा वास आला की कौलांवरून टोळी उतरायची. तुझ्या त्या बाईंकडे नकाशा दाखवायला असेल, धाक म्हणून असेल, खरंच उगारायलाही असेल. त्यांच्या तोंडून आलेलं कारण हाच तुझा मजकूर.

एक मात्र वेगळं. कुणी मुलाला मारताना तुला दिसलं, तर तो विषय प्रकल्पाचा उरत नाही. शारीरिक शिक्षेला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, आणि नाव गुप्त ठेवायचा तुझा शब्द तिथे आड येत नाही. ते वहीत लिहून गप्प बसायचं नाही. त्याच दिवशी तुझ्या मार्गदर्शकांना सांगायचं.

तुझ्या तिसरी-चौथीच्या बाई. दोन दिवस विचार करून लिहितेय. तुला त्यांच्याकडून माहिती हवीय की त्यांनी चूक कबूल करायला हवीय? दुसरं असेल तर लाजू नकोस, ती हौस माझ्याही मनात माझ्या एका गुरुजींबद्दल साठीपर्यंत होती. पण तसं असेल तर त्यांच्या घरी जा, ओट्यावर बस, मालवणीत बोल आणि काय बोलायचं ते बोल. प्रकल्पाच्या नावाखाली जाऊ नकोस. समोर प्रश्नावली ठेवून बाईंकडून हिशेब मागितलास, तर त्याही बाईपणाच्या खुर्चीत बसून उत्तर देतील, आणि तू पुन्हा तिसरीत जाशील.

पहिलं असेल, म्हणजे खरोखर ऐकायचं असेल, तर वगळू नकोस, पण त्यांना सगळ्यांत शेवटी ठेव. 'माका म्हायत आसा'चा प्रश्न त्यांनाही विचार, जसा इतरांना विचारलास तसाच. तेव्हा त्यांच्यावर काय दडपण होतं, मुलं पुढे शिकायला कुठे जायची, तिथे त्यांना काय ऐकून घ्यावं लागायचं, हे कदाचित कळेल. कदाचित नाही कळणार, 'आम्ही शिस्त लावली म्हणून तुम्ही शिकलात' एवढंच ऐकून परत येशील. दोन्ही लिहिण्यासारखं आहे. फक्त या आपल्या शिक्षिका होत्या हे अहवालात स्पष्ट लिही. लपवलंस तर वाचणाऱ्याला तुझा तिरका डोळा कळणार नाही.

अहवालाचं थोडक्यात. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं तर आधी विचार, आणि 'बंद कर' म्हटलं की त्यांच्यासमोर बंद कर. एक तासाचं बोलणं उतरवून काढायला चार तास सहज जातात, तेवढे धरून चाल. उतरवताना 'माका'चं 'मला' करू नकोस. मालवण तालुका केवढा तो आपल्याला माहीत आहे. 'किनाऱ्यालगतच्या द्विशिक्षकी शाळेतील, नुकत्याच बदलून आलेल्या शिक्षिका' असं लिहिलंस की नाव न लिहिताही आठवडी बाजारात सगळ्यांना कळेल, त्यामुळे खुणाही बदल. उतरवलेलं त्या त्या शिक्षकाला वाचून दाखव. एखादं वाक्य काढ म्हणाले तर काढ. आणि तुझ्या मार्गदर्शकांनी आलेख मागितला तर नम्रपणे सांग की आठ माणसांची टक्केवारी होत नाही. 'साडेबासष्ट टक्के शिक्षकांना वाटते' म्हणजे पाच माणसं, गो. त्यांची नावं नसली तरी त्यांना माणसंच राहू दे.

मार्गदर्शक म्हणतील की गोष्टी सांगून प्रकल्प होत नाही. तेव्हा त्यांना आपल्याच किनाऱ्याच्या वरच्या टोकाकडे बघायला सांग. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये ते काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरांमागे रानात असायची. तर यांनी शाळाच कुरणात नेली, आणि तिला नाव पडलं कुरणशाळा. मूल आहे कुठे, या एका साध्या विचारपुशीतून ती शाळा निघाली. आता या दोघींची भाषणं कुणाला आठवत असतील ती असोत, मला ती कुरणात बसलेली मुलं आणि पलीकडे चरणारी गुरंच दिसतात.

झालेल्या पाच मुलाखती फेकू नकोस. त्या 'शिक्षकांना कोणती भाषा शिकवली गेली आहे' याचा चांगला पुरावा आहेत, एक प्रकरण त्यांच्यावर होईल. पण त्यांतल्या दोघांकडे पुन्हा जा. एक त्या छडीवाल्या बाई.

दुसरे ते पाचवे सर. 'काय लिहूक व्हया ता सांग' म्हणणारे. पाचांत खरं बोललेले तेच आहेत, हे तुझ्या ध्यानात आलंय का? मुलाखत कशी चालते ते त्यांनी तुला हसत हसत सांगून टाकलं, आणि तू बहुधा ते ध्वनिमुद्रणातून कापलंस. त्यांच्याकडे आधी जा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर जा, म्हणजे त्यांनाही घाई नसेल. म्हणावं, सर, मला काहीच लिहून नको, मला एक वही बघायचीय. कुठल्याही मुलाची माग, फुली असलेलं पान उघड आणि विचार, 'हो असो कित्याक चुकलो आसतलो?' मग गप्प बस.

परतीच्या गाडीची वेळ मात्र आधीच विचारून ठेव. त्या सरांसारखी माणसं एकदा बोलायला लागली की वस्तीच्या गाडीशिवाय सोडत नाहीत.

– तुझी बाई